दमाचें माप

वार्षिक क्रीडासंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या पटांगणावर एक वाद हटकून ऐकूं येतो. "आपल्या वर्गांत खरा दमदार कोण?" कोणी शंभर मीटरांच्या शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलाचें नांव घेतो, कोणी कबड्डींत शेवटपर्यंत टिकणाऱ्याची बाजू उचलून धरितो, कोणी सांगतो कीं, अमका तालमींत एका दमांत शंभर जोर काढतो, त्याच्यापुढें इतरांची काय कथा! वाद रंगांत येतो, घंटा होते, आणि निकाल लागल्यावांचूनच मंडळी वर्गांत जाऊन बसते. हा निकाल लागणें इतकें कठीण कां, व तो लावण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं कोणकोणते उपाय योजिले, हें विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. शिवाय या कामीं आमच्या हातून एक चूक घडली, तिची कबुलीही द्यावयाची आहे. खरें सांगावयाचें तर त्या चुकीनेंच आमच्याकडून हा लेख लिहविला.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. शर्यतीचा वेळ घड्याळावर मोजतां येतो, उडीचें अंतर फितीनें मोजतां येतें, आणि उचललेला भार तराजूवर घालतां येतो. हीं तीनही मापें चोख आहेत; परंतु तीं केलेल्या कामाचीं मापें आहेत, तें करितांना शरीरास पडलेल्या खर्चाचीं नव्हेत. दोन बैलजोड्या सारखेंच ओझें घेऊन सारख्याच वेळांत घाट चढल्या, तर गाडीवानाच्या हिशेबीं दोन्ही सारख्या. पण माथ्यावर पोहोंचतांच एक जोडी स्वस्थपणें रवंथ करूं लागली, आणि दुसरीच्या तोंडास फेंस आला, तर त्या सारख्या म्हणावयाच्या काय? पहिल्या जोडीनें तेंच काम थोड्या खर्चांत केलें. जनावराच्या बाबतींत शेतकरी हें एका दृष्टिक्षेपांत ओळखतो. माणसाच्या बाबतींत तें आंकड्यांनीं सांगतां येईल काय, हा प्रश्न आहे.

हा खर्च मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्स देशांत झाला. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याची अशी खात्री झाली होती कीं, चुलींत लांकूड जळतें आणि आपल्या शरीरांत अन्न खर्च होतें, या दोन्ही क्रियांचें मूळ एकच; दोहोंसही हवेंतील प्राणवायु लागतो. १७९० च्या सुमारास त्यानें आपला तरुण सहकारी सेगँ यास मुखवटा लावून बसविलें, व तो श्वासावाटे किती प्राणवायु घेतो याची मोजदाद केली. प्रथम सेगँ उपाशीं पोटीं स्वस्थ बसला. मग त्यानें पायानें एक पट्टी दाबून ओझें उचलण्याचें काम केलें. काम सुरू होतांच प्राणवायूचा खर्च दुपटीहून अधिक झाला व नाडीही त्याबरोबर चढली. लाव्हाझिएची पत्नी हे प्रयोग चालू असतां बाजूच्या मेजाशीं बसून टिपणें घेत असे. तिनें काढलेलीं चित्रें अद्यापि पाहावयास मिळतात.

या प्रयोगांतून लाव्हाझिएनें काढलेलें एक अनुमान शास्त्राच्या पुस्तकांत सहसा सांगत नाहींत. पण आम्हांस तें फार मोलाचें वाटतें. त्याच्या ध्यानीं आलें कीं, अंगमेहनत करणाऱ्या गरिबाच्या शरीराचा खर्च बसून खाणाऱ्या श्रीमंतापेक्षां पुष्कळ जास्त असतो, आणि भरपाईस लागणारें अन्न मात्र त्याच्याच ताटांत कमी पडतें. शरीराचें पहिलें माप घेतलें गेलें आणि त्याबरोबरच न्यायान्यायाचा प्रश्न उभा राहिला. पुढें १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला, व हें काम अर्ध्यावर राहिलें.

यानंतर सव्वाशें वर्षांनीं इंग्लंडांत ए. व्ही. हिल् या शास्त्रज्ञानें तोच धागा पुढें नेला. स्नायूंच्या कार्यावरील शोधांबद्दल १९२२ सालचें नोबेल पारितोषिक त्यास व जर्मनीच्या मायरहोफ् यास विभागून मिळालें होतें. हिल् हा स्वतः धांवण्याचा शौकी. तेव्हां प्रयोगाचा विषयही बव्हंशीं तो स्वतःच होई. १९२३ च्या सुमारास मँचेस्टर येथें हिरवळीवर आंखलेल्या लहानशा वाटोळ्या मार्गावर तो ठराविक वेगानें धांवे. पाठीस एक हवाबंद पिशवी बांधलेली असे, आणि सोडलेला सर्व श्वास नळीवाटे तींत सांठविला जाई. बाहेरच्या हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. श्वास सोडतांना त्यांतील कांहीं भाग शरीरानें ठेवून घेतलेला असतो. पिशवींतील हवेचें मोजमाप व पृथक्करण केलें म्हणजे दर मिनिटास शरीरानें किती प्राणवायु वापरला हें कळतें.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसास मिनिटाला सुमारें पाव लिटर प्राणवायु पुरतो. वेग वाढवीत नेला म्हणजे हा आंकडा वाढत जातो. परंतु कितीही जोर केला तरी एका मर्यादेपलीकडे तो सरकत नाहीं. हिलच्या शरीराची ही मर्यादा मिनिटास सुमारें चार लिटर भरली. साधारण निरोगी तरुणाची ती तीन लिटरांच्या आसपास असते. नामांकित धांवपटूंची पांच-सहा लिटरांपर्यंतही जाते. फुप्फुसांनीं घेतलेला प्राणवायु हृदयानें रक्ताबरोबर पुढें ढकलावयाचा, रक्तवाहिन्यांनीं तो स्नायूंपर्यंत पोंचवावयाचा, आणि स्नायूंनीं तो वापरावयाचा, अशी ही सांखळी आहे. तिचें एकंदर बळ या एका आंकड्यांत दिसतें. आजही व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळांतून दमाचें मुख्य माप म्हणून हाच आंकडा घेतात.

हिलनें आणखी एक गोष्ट दाखविली. धांवणें थांबलें तरी धापा कांहीं वेळ चालूच राहतात. तेव्हां काम संपल्यावर हा जादा प्राणवायु कशासाठीं? हिलनें सांवकारी भाषेंत उत्तर दिलें : धांवतांना शरीरानें उसनवारी केली, तें ऋण आतां फेडलें जात आहे. अति जोराच्या कामांत स्नायूंमध्यें दुग्धाम्ल, म्हणजे आंबट दह्यांत जें असतें तेंच आम्ल, सांचतें. तें निस्तरण्याची ही किंमत, असें त्यास वाटलें. पुढील संशोधनानें हा हिशेब इतका सरळ नसल्याचें दाखविलें आहे. दुग्धाम्ल हा निव्वळ केरकचरा नसून हृदय व इतर स्नायु त्याचाच इंधनासारखा उपयोग करून घेतात, हें आतां ठाऊक झालें आहे. तथापि थांबल्यानंतर शरीर किती लवकर मूळ स्थितीवर येतें, यांत दमाचें मर्म आहे, ही हिलनें दाखविलेली दिशा खरी ठरली.

यानंतर आपणांस अमेरिकेंत जावें लागतें. तेथें १९२७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें एक आगळी प्रयोगशाळा उघडली. तिचें नांवच 'थकव्याची प्रयोगशाळा' असें होतें! ती १९४७ पर्यंत चालली. थकवा म्हणजे काय, उन्हांत राबणाऱ्या कामगाराच्या शरीरांत काय घडतें, उंच डोंगरावरील विरळ हवेंत माणूस कसा तगतो, हे तेथील विषय. फिरत्या पट्ट्यावर माणसास धांववावयाचें व त्याचा श्वास, नाडी आणि रक्त तपासावयाचें, ही तेथील रीत. १९३५ सालीं तर येथील मंडळी चिली देशांतील उंच पर्वतांवर जाऊन खाणींतील मजुरांच्या गांवीं राहिली होती.

या पट्ट्यावर धांवलेल्या लोकांत क्लॅरेन्स डीमार नांवाचा एक इसम होता. पेशानें तो छापखान्यांतील जुळारी. परंतु बोस्टन शहराची मॅरेथॉन शर्यत त्यानें १९११ ते १९३० या काळांत सात वेळां जिंकली. ज्या वेगानें धांवून इतरांच्या रक्तांत दुग्धाम्ल चांगलेंच चढे, त्या वेगानें धांवून डीमारच्या रक्तांत तें विश्रांतीच्या वेळेहून फारसें वाढलेलें आढळेना. मघांच्या दृष्टांतांत सांगावयाचें तर हा घाटमाथ्यावर रवंथ करणारा बैल!

पण याच डीमारची दुसरी हकीकत ऐका. १९११ च्या शर्यतीपूर्वीं डॉक्टरांनीं त्याची छाती तपासली, तों हृदयाच्या ठोक्यांबरोबर एक जादा आवाज ऐकूं आला. "ही तुझी शेवटची शर्यत समज, आणि दमलास तर मध्येंच सोड," असा इशारा त्यास मिळाला. ती शर्यत त्यानें जिंकली. पुढें कित्येक वर्षें तो मोठ्या शर्यतींपासून बहुतांशीं दूर राहिला. पण १९२२ पासून परत येऊन त्यानें आणखी सहा विजय मिळविले. शेवटचा विजय एकेचाळिसाव्या वर्षींचा आहे. १९५८ सालीं तो कर्करोगानें वारला. त्या वेळच्या तपासणींत हृदयास रक्त पुरविणाऱ्या त्याच्या रोहिण्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद असल्याचें आढळून आलें. डॉक्टरांनीं आवाज ऐकला तो खराच. चूक झाली ती त्याच्या अर्थांत. मापन व निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें वाचकांनीं येथें मनांत पक्कें धरावें. कारण आमची चूक याच ठिकाणीं झाली.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर हजारों तरुणांची दमाची परीक्षा थोडक्या वेळांत घेण्याची गरज उत्पन्न झाली. पिशव्या, नळ्या व फिरते पट्टे प्रत्येक छावणींत कोठून आणावयाचे? तेव्हां याच प्रयोगशाळेंतील ल्यूसिएं ब्रूहा या बेल्जियन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं केवळ एक बांक व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर भागणारी कसोटी तयार केली. ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली, व हार्वर्डची पायरी-कसोटी या नांवानें जगभर पसरली. तिची कृति अशी :

सुमारें ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंच उंचीचा भक्कम बांक घ्यावा. मुलींकरितां व लहान मुलांकरितां तो कमी उंचीचा असावा. दर दोन सेकंदांस एकदां, म्हणजे मिनिटास तीस वेळां, त्यावर चढावें व उतरावें. एक पाय वर, दुसरा वर, एक खालीं, दुसरा खालीं, असे चार ठोके. हें पांच मिनिटें करावें. त्यापूर्वीं वेग राखवेनासा झाला तर तेथेंच थांबावें व किती सेकंद झालें तें लिहून ठेवावें. मग स्वस्थ बसावें. थांबल्यापासून एक मिनिट झाल्यावर अर्धा मिनिट मनगटाची नाडी मोजावी. पुनः दोन मिनिटांनंतर अर्धा मिनिट, व तीन मिनिटांनंतर अर्धा मिनिट. तीन गणनांची बेरीज करून तिची दुप्पट करावी. केलेल्या श्रमाच्या सेकंदांस शंभरानें गुणून त्यास या दुपटीनें भागावें. येईल तो अंक.

एक उदाहरण घेऊं. एका विद्यार्थ्यानें पूर्ण ३०० सेकंद श्रम केले; नाडीच्या गणना ७५, ६० व ५०. बेरीज १८५, दुप्पट ३७०. तीस हजारांस ३७० नें भागिलें असतां ८१ येतात. ब्रूहाच्या कोष्टकांत ९० व त्यावर उत्तम, ८० ते ८९ चांगला, ६५ ते ७९ मध्यमाहून वरचा, ५५ ते ६४ मध्यमाहून खालचा, आणि ५५ च्या खालीं कमजोर, अशा पायऱ्या आहेत. या पांच मिनिटांत विद्यार्थी १५० वेळां वीस इंच वर चढतो, म्हणजे एकंदर सुमारें ७६ मीटर. वीस मजल्यांहून उंच इमारतीचा जिना चढण्याइतकें हें काम आहे! आणि चढवावयाचें ओझें म्हणजे ज्याचें त्याचें स्वतःचें शरीर.

नाडीवरून दम कसा कळतो, असें कोणी विचारील. सरावलेलें हृदय एका ठोक्यासरशीं अधिक रक्त पुढें ढकलतें. म्हणून तेंच काम तें कमी ठोक्यांत उरकतें, व काम संपतांच लवकर शांत होतें. मोठ्या घागरीनें पाणी भरणारीच्या विहिरीवर खेपा कमी होतात, तसेंच हें.

आतां आमच्या चुकीची हकीकत. मागें एका वर्षीं वरच्या वर्गांतील मुलामुलींची ही कसोटी आम्हीं शाळेच्या दिवाणखान्यांत घेतली. मुलांनीं मोठ्या हौसेनें भाग घेतला. शंभर मीटरांच्या शर्यतींत नेहमीं पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याचा अंक ६८ आला. आणि खेळांत कधींही नांव न देणारी, मागच्या बांकावर बसणारी एक मुलगी ८६ वर गेली. चौकशी करतां कळलें कीं, ती घरचें सारें पाणी रोज चढावरून वाहून आणते व शाळेसही पायीं येते. या गमतीनें आम्हांस भलताच उत्साह आला, आणि आम्हीं सर्वांचे अंक वर्गापुढें मोठ्यानें वाचून दाखविले. त्यांत एका मुलाचा अंक ४१ निघाला. तो तीन मिनिटांतच थांबला होता. "कमजोर!" असा शेरा कोष्टकांतून जसाच्या तसा आमच्या तोंडून बाहेर पडला, आणि वर्ग हंसला.

दुसऱ्या दिवशीं मुलगा शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. हातांतील टोपी मुठींत चुरगाळीत ते म्हणाले, "सर, पोरगा अंगानें नापास झाला म्हणतात. पुढें त्याच्यानें कामधंदा होईल ना?" विचारपूस केली तेव्हां समजलें कीं, विषमज्वरानें मुलगा महिनाभर अंथरुणास खिळला होता, आणि त्यांतून उठून त्यास जेमतेम तीन आठवडे झाले होते. ही गोष्ट आम्हीं आधीं विचारिली असती, तर त्यास बांकावर चढविलेंच नसतें. दुखणाइताची ती कसोटी नव्हेच. त्या अंकानें त्याचा दम सांगितला नाहीं, केवळ त्याचें आजारपण सांगितलें. बांक, घड्याळ व गणित यांत कोठेंही चूक नव्हती. चूक आमची होती. त्या वडिलांची आम्हीं क्षमा मागितली, व वर्गापुढें मुलाचीही मागितली.

डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या मुलानें प्रथम चालणें, मग हळूहळू खेळणें सुरू केलें. त्यांची परवानगी मिळाल्यावर दोन महिन्यांनीं त्यानें आपण होऊन पुनः कसोटी दिली. या खेपेस तो चार मिनिटें टिकला. अंक ५८ आला. वर्षाच्या शेवटीं पांचही मिनिटें पुरीं करून तो ७६ वर पोहोंचला. या वेळीं अंक कोणास वाचून दाखविला नाहीं. चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातीं दिला. ती त्यानें घरीं नेऊन वडिलांस दाखविली.

या प्रकरणावरून आम्ही जें शिकलों त्यास शास्त्राचाही आधार आहे. पहिली गोष्ट ही कीं, नाडी केवळ दमाचेंच सांगत नाहीं. उकाडा, नुकतेंच झालेलें जेवण, चहा, जाग्रण, भीति, तापाची कसर, या सर्वांनीं ती चढते. पाय आंखूड असलेल्यास तोच बांक अधिक उंच पडतो. दुसरी गोष्ट, सर्वांचीं शरीरें सारख्या व्यायामास सारखें फळ देत नाहींत. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिका व कॅनडा येथें 'हेरिटेज' या नांवानें एक मोठा अभ्यास झाला. त्यांत बैठें काम करणाऱ्या शेंकडों माणसांकडून वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम करवून घेतला. प्राणवायूची मर्यादा सरासरीनें मिनिटास सुमारें चारशें मिलिलिटरांनीं वाढली. परंतु कांहीं माणसांत ती जवळजवळ वाढलीच नाहीं, तर कांहींची लिटरभर वाढली. कष्ट सारखे, फळ निराळें. आणि या फरकाचा बराच भाग घराण्यांतून आलेला. मग दोन मुलांचे अंक शेजारीं शेजारीं मांडून एकास शाबासकी व दुसऱ्यास दूषण देण्यांत कसला न्याय? माझा आजचा अंक माझ्याच कालच्या अंकाशीं ताडून पाहावा, हा या मापाचा खरा उपयोग.

त्या पाणी वाहणाऱ्या मुलीची गोष्टही विसरतां कामा नये. शरीराची हालचाल क्रीडांगणावरच होते असें नाहीं, हें लंडनच्या बसगाड्यांनीं फार सुंदर रीतीनें दाखविलें आहे. जेरेमी मॉरिस या डॉक्टरानें तेथील दुमजली बसवरील चालक व वाहक यांच्या प्रकृतीची तुलना १९५३ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें ३१,००० माणसांची ही पाहणी होती. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटें देत दिवसाकाठीं शेंकडों पायऱ्या चढ-उतार करणारा. हृदयविकार वाहकांत कमी, व झाला तरी उशिरां आणि सौम्य, असें दिसून आलें. पण मॉरिस तेवढ्यावर थांबला नाहीं. नोकरीस लागतांना दिलेल्या गणवेषांचीं मापें त्यानें तपासलीं, तेव्हां चालकांच्या कंबरा मुळांतच रुंद असल्याचें आढळलें. म्हणजे सारें श्रेय जिन्यास देतां येईना! तें त्यानें उघडपणें प्रसिद्ध केलें. टपाल वांटणारे व मेजाशीं बसणारे यांच्यांतही तोच फरक दिसला होता, आणि पुढील पुष्कळ अभ्यासांनीं त्याच्या मूळ म्हणण्यास पाठबळ दिलें. आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी घेण्याचा हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

अलीकडे मनगटावरील घड्याळें नाडी मोजतात, पावलें मोजतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र त्यांच्या आज्ञेंत राहूं नये. "रोज दहा हजार पावलें चाललींच पाहिजेत," असें आपण सर्वत्र ऐकतों. या आंकड्याचा उगम एखाद्या मोठ्या प्रयोगांत असावा असें वाटतें. पण तो जपानांत १९६५ सालीं विक्रीस आलेल्या पावलें मोजण्याच्या यंत्राच्या नांवांत आहे. 'दहा हजार पावलांचें माप' असा त्या नांवाचा अर्थ. चालणें हितकारकच, परंतु सात हजार चालणाऱ्यानें हिरमुसून बसण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक साधें माप सांगतों. त्यास यंत्र लागत नाहीं. गुन्नार बोर्ग नांवाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानें श्रम करणाऱ्या माणसालाच विचारावयाचें ठरविलें : "तुला हें काम किती जड वाटतें?" त्यासाठीं त्यानें सहापासून वीसपर्यंत आंकड्यांची एक शिडी केली. सहा म्हणजे कांहींच श्रम नाहीं. वीस म्हणजे परमावधि. निरोगी तरुणानें सांगितलेल्या आंकड्यास दहानें गुणिलें असतां त्याच्या नाडीचे मिनिटाचे ठोके स्थूलमानानें मिळतात! माणसास त्याचें स्वतःचें विचारणें हेंही शास्त्रीय मापन होऊं शकतें, हें त्यानें सिद्ध केलें. आम्हीं त्या मुलास एवढाच प्रश्न विचारला असता, तर तो तिसऱ्या मिनिटापूर्वींच थांबला असता.

विद्यार्थिमित्रांनो, ही कसोटी घरीं करून पाहण्याची इच्छा तुम्हांस होईल. ती वडील माणसांच्या देखत करा. ताप, दमा, हृदयाचा विकार किंवा नुकतेंच झालेलें आजारपण असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नका. छातींत दुखूं लागलें, चक्कर आली, तर तत्क्षणीं थांबा. त्यांत कमीपणा नाहीं. आलेला अंक वहींत तारीख घालून लिहा. रोज अर्धा-पाऊण तास खेळा, पळा, दोरीवरच्या उड्या मारा, नमस्कार घाला, आणि दोन महिन्यांनीं पुनः मोजा. आणि वर्गांत खरा दमदार कोण हा वाद निघालाच, तर मागच्या बांकावरील मंडळींसही त्यांत मत देऊं द्या.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, गुणपत्रिकेवर आतां शरीराचेही आंकडे येऊं लागले आहेत; ते पाहून शेजाऱ्याच्या मुलाशीं तुलना करूं नये. अंक कमी दिसला तर मुलास रागें भरण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे : याला पोटभर सकस अन्न मिळतें काय? याला खेळावयास वेळ मिळतो काय? लाव्हाझिएनें पहिल्याच मापाच्या वेळीं जो प्रश्न ओळखला होता, तोच आजच्या प्रत्येक अंकामागेंही उभा असतो. मुलाचा दम मोजावा, तो वाढवावा; पण मोजण्यापूर्वीं मुलास जवळ बोलावून त्याची खुशाली विचारावी. आमच्या शाळेंत आतां कसोटीच्या कागदावर नांवाखालची पहिली ओळ खुशालीचीच असते.